सपाटीवरून घाटाकडे : सायकलने चढ चढण्याची तयारी

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. चढ लागला की ती वजन वर उचलण्यात जाऊ लागते. 65 किलोचा स्वार, 18 किलोची सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 85 किलो धरले, तर सपाटीवर ताशी 25 किलोमीटर वेग राखायला साधारण 130 वॅट पुरतात आणि त्यातला दोन तृतीयांशांहून जास्त भाग हवेवर खर्च होतो. तेवढ्याच ताकदीत 5 टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, वेग ताशी साडेनऊ किलोमीटरवर येतो. इथे हवेचा वाटा नगण्य राहतो आणि 85 टक्क्यांच्या आसपास शक्ती गुरुत्वाकर्षण खाते. म्हणून सपाटीवर बरोबरीने चालणारे दोघे घाटात एकमेकांना दिसेनासे होतात. चढावर हिशेब एकट्या ताकदीचा नसतो. दर किलो वजनामागे किती वॅट निघतात आणि ते कोणत्या गियरमधून चाकापर्यंत पोचतात, यावर सगळे ठरते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरला चढाच्या तयारीचा प्रश्न वेगळ्या प्रकारे पडतो. तालुक्याचा बहुतेक भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी, गाळाची सपाटी आहे. शेगाव, वरवट बकाल, जळगाव जामोद या बाजूंना कितीही सायकल हाणली तरी पुलाच्या चढापलीकडे फारसे काही लागत नाही. उत्तरेला टुनकी-सोनाळ्याच्या मागे मात्र सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. त्याचे कारण भूगर्भात आहे. गाविलगडच्या प्रस्तरभंगावर उत्तरेची बाजू उचलली गेली, दक्षिणेची खचली आणि खचलेल्या भागात पूर्णेचा गाळ साचत गेला. त्यामुळे सपाटी आणि डोंगर यांच्यात सराव करायला सोयीची टेकाडे कमीच आहेत. त्यातही पायथ्याचा मोठा भाग अंबाबारवा अभयारण्यात, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पट्ट्यात येतो आणि तिथे मनाला येईल तेव्हा सायकल घेऊन शिरता येत नाही. वान नदीवरच्या धरणाकडे, वारी हनुमानला जाणारा पायथ्याचा रस्ता हाच जवळचा पर्याय उरतो.

खरे घाट गाठायला थोडे लांब जावे लागते. दक्षिणेला बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसले आहे आणि पूर्णेची सपाटी अडीचशे-तीनशे मीटरवर आहे. ही उंची दोन रस्ते चढतात. मलकापूर-मोताळ्याकडून येणारा राजूर घाटातून, तर खामगावकडून येणारा ज्ञानगंगा अभयारण्य ओलांडत बोथा घाटातून. टिपेश्वर अभयारण्यातून निघून शेकडो कोस भटकलेला वाघ 2019 च्या अखेरीस याच ज्ञानगंगेत येऊन थांबला होता, तेव्हा बोथ्याचा घाट अंधारात चढण्याची हौस न केलेली बरी. पूर्वेला नरनाळा किल्ला आणि त्याहून मोठा चढ म्हणजे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा. चिखलदरा सुमारे 1100 मीटरवर असल्याने तिथे सातशे मीटरच्या आसपास उंची एका दमात कमवावी लागते.

घाटरस्ते दिसतात तेवढे मनमानी नसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांनुसार डोंगराळ प्रदेशात नेहमीचा चढ 5 टक्क्यांपर्यंत, अडचणीच्या जागी 6 आणि अगदी नाइलाज असेल तिथे 7 टक्क्यांपर्यंत ठेवायचा असतो. अतितीव्र उताराच्या भूभागात हेच आकडे 6, 7 आणि 8 होतात. केसपिनेसारख्या वळणावर चढ अडीच टक्क्यांहून जास्त नसावा, असाही दंडक आहे. जुने रस्ते हे सगळे पाळतातच असे नाही, आणि गाववाटा व किल्ल्याचे रस्ते तर मुळीच नाही. तरीही राज्यमार्गावरचा घाट पाच-सहा टक्क्यांचा धरून तयारी केली तर अंदाज फार चुकत नाही. असे वळण तुलनेने सपाट असते ही गोष्ट स्वाराच्या कामाची आहे. तिथे दम परत मिळवता येतो, आणि पुष्कळ नवखे नेमके तिथेच जोर लावून ती संधी घालवतात.

आता गियर. गावात आजही सर्वांत जास्त दिसणारी सायकल म्हणजे दणकट चौकटीची, एकाच गियरची. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना शाळेसाठी मिळणाऱ्या सायकलीही साध्याच असतात. अशा सायकलीला पुढे साधारण 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 असतात, आणि पायडलचा एक फेरा सायकलीला सुमारे 5.4 मीटर पुढे नेतो. सपाटीसाठी हे प्रमाण उत्तम आहे. 6 टक्क्यांच्या घाटात मात्र ताशी 8 किलोमीटरला पाय मिनिटाला जेमतेम 25 फेरे घेतात आणि प्रत्येक फेऱ्यात पायडलवर सरासरी 29 किलोचा दाब द्यावा लागतो. दाब सबंध फेऱ्यात सारखा नसतो. पायडल थेट वर किंवा थेट खाली असताना तो जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून मधल्या टप्प्यात 45 किलोच्या पुढे जातो. याच्या पुढची मर्यादा हिशेबानेच निघते. 65 किलोचा माणूस सीटवरून उठून सगळे अंग पायडलवर टाकतो तेव्हा त्याच्या वजनातून फेऱ्याला मिळणारा सरासरी दाब 41 किलोच्या पुढे जाऊ शकत नाही. एवढ्या दाबात 44-18 ची सायकल 9 टक्क्यांच्या अलीकडेच थांबते. हँडल ओढून थोडी भर घालता येते, पण ती काही मीटरच टिकते. याचा अर्थ किल्ल्याच्या चढावर उतरून सायकल ढकलणारा पोरगा कमजोर नसतो. त्याच्या सायकलीत त्या चढासाठी गियरच नसतो.

मागे 18 ऐवजी 22 दात्यांचा फ्रीव्हील बसवला की हीच मर्यादा पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास जाते आणि प्रत्येक फेऱ्याचा दाब सुमारे 18 टक्क्यांनी उतरतो. सपाटीवर वेग थोडा कमी पडतो, पाय जास्त फिरवावे लागतात, एवढीच किंमत. काम दुकानात काहीशे रुपयांत होते. चैन दोन कड्या वाढवून घ्यावी लागते. गियरच्या सायकलीत तर फरक जमीन-अस्मानाचा आहे. पुढे 28 आणि मागे 34 दात्यांच्या जोडीत एक फेरा 1.7 मीटरचा होतो आणि ताशी 8 किलोमीटरलाही पाय मिनिटाला 77 फेरे आरामात घेतात. गियर घेताना दुकानात ‘किती स्पीडची’ हा प्रश्न विचारला जातो. घाटासाठी 21 की 24 हा आकडा निरर्थक आहे. सर्वांत लहान पुढचे चक्र आणि सर्वांत मोठे मागचे चक्र यांचे दाते मोजावेत. दोन्ही बरोबरीचे किंवा मागचे मोठे असेल तर सायकल घाटाची.

ही गोष्ट कळायला व्यावसायिक शर्यतींनाही वेळ लागला. टूर द फ्रान्स 1910 साली पायरेनीजच्या उंच खिंडींत शिरली तेव्हा स्वारांकडे चालत्या सायकलीत बदलता येणारे गियर नव्हते. खाली उतरून मागचे चाक उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र वापरायचे, ही रीत होती. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज गियरबदलाच्या कळीला कमीपणा मानत. ती कळ टूरमध्ये सरसकट चालू झाली 1937 साली. आजचे जगज्जेते ज्या गियरवर आल्प्स चढतात तो अनेक हौशी स्वारांना ‘फार हलका’ म्हणून घ्यायला लाज वाटते, हे गमतीचे आहे.

गियरनंतर येतात फुकटातल्या दुरुस्त्या. गावाकडे सीट बहुधा फार खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा समज आहे. गुडघा सतत दुमडलेला राहिल्याने मांडीचा जोर वाया जातो आणि गुडघे दुखतात. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक उरतो. पान्याने सीट चार बोटे वर घेणे हे पाच मिनिटांचे काम महिन्याच्या सरावाइतके उपयोगी ठरू शकते. टायरमध्ये पुरती हवा, तेल दिलेली चैन, चाकाला न घासणारा ब्रेक याही बाबी चढावर दुप्पट जाणवतात. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती मडगार्डात ठासून भरते. तशा सायकलीने घाट चढायला निघणे म्हणजे ब्रेक दाबून निघणेच.

हलक्या सायकलीचा मोह मात्र तपासून घ्यावा. 8 किलोमीटरचा, 5 टक्क्यांचा घाट वरच्या उदाहरणातला स्वार 150 वॅटवर 44 मिनिटांत चढतो. सायकल 2 किलोने हलकी केली तर एक मिनिट वाचते. तोच स्वार सरावाने 165 वॅटवर पोचला तर चार मिनिटे वाचतात. दोन किलो उतरवायला बाजारात पुष्कळ पैसे पडतात. 15 वॅट मिळवायला दोन-तीन महिन्यांचा नियम लागतो. शर्यतीत नसलेल्या माणसाने हलक्या चौकटीवर खर्च करणे हा शेवटचा उपाय आहे. पोटावरची चरबी उतरली तर लाभ तितकाच, पण त्यासाठी उपाशी राहून सराव केला तर चरबीबरोबर स्नायूही जातो आणि हिशेब होता तिथेच येतो.

शरीराच्या बाजूने पाहिले तर लांब चढ हा प्राणवायूचा प्रश्न आहे. फुप्फुसाने घेतलेला आणि हृदयाने पुढे लोटलेला प्राणवायू मांडीच्या स्नायूपर्यंत किती पोचतो, आणि त्यातल्या किती मोठ्या वाट्यावर माणूस तासभर टिकतो, या दोन गोष्टी वाढवायच्या असतात. या टिकाऊ जोराच्या वर गेले की लॅक्टेट साचते, श्वास धापेत बदलतो, मांड्या जड होतात. नव्याने नियमित सराव करणाऱ्याची प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन-तीन महिन्यांत दहा-पंधरा टक्क्यांनी वाढू शकते. टिकाऊ जोर त्यानंतरही वाढत राहतो.

प्राणवायू वाहतो तो हिमोग्लोबिनवर, आणि आपल्याकडे हा दुवाच अनेकदा कच्चा असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चढावर लवकर धाप लागणाऱ्या मुलीला सरावाचे वेळापत्रक देण्याआधी ग्रामीण रुग्णालयात तिचे हिमोग्लोबिन तपासणे शहाणपणाचे. लोहाच्या गोळ्यांनी भरून निघणारी उणीव कोणत्याही सरावाने भरून निघत नाही. सायकलिंगवरच्या लेखनात हा मुद्दा क्वचित येतो, कारण ते बहुतेक शहरी पुरुषांसाठी लिहिलेले असते. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. चढताना छातीत दुखणे, डावा हात भरून येणे, चक्कर ही थांबण्याचीच कारणे आहेत.

सपाटीवर राहून घाटाची तयारी होते का? बऱ्याच अंशी होते. हृदयाला आणि स्नायूंना जोर समजतो. तो चढामुळे लागला की वाऱ्यामुळे, हे समजत नाही. आठवड्यात दोन दिवस जोराचे, एक दिवस लांब पल्ल्याचा आणि उरलेले हलके किंवा सुट्टीचे, हा सांगाडा जगभर टिकून राहिला आहे. जोराच्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे घ्यावेत, मध्ये तीन-चार मिनिटे सावकाश. टप्प्यात श्वास इतका वाढलेला हवा की चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा टप्पा पहिल्याइतकाच वेगवान निघाला पाहिजे. पहिल्याच टप्प्यात जीव काढणाऱ्याचा सराव होत नाही, फक्त दमणूक होते. लांब पल्ल्याच्या दिवशी उलट : गप्पा मारता येतील इतक्याच जोरात तीन-चार तास. संग्रामपूरहून शेगावला जाऊन येणे या दिवसाला पुरेसे आहे.

वारा हा सपाटीवरचा घाट आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पश्चिमेचा वारा पूर्णेच्या खोऱ्यातून मोकळा सुटतो तेव्हा जळगाव जामोदच्या दिशेने ताशी 15 किलोमीटर राखणे सोपे नसते. समोरचा वारा ताशी 28-30 किलोमीटरचा असेल तर लागणारा दाब 5 टक्क्यांच्या चढाएवढाच होतो. फरक एकच. सपाटीवर सायकलीला वेगाचा साठा असतो आणि पायडल वर-खाली सरळ रेषेत आले तरी ती पुढे घसरते. चढावर त्या क्षणी ती लगेच मंदावते, म्हणून पाय सबंध फेऱ्यात फिरवत ठेवण्याची सवय घाटातच लागते. कॅरिअरवर पोते बांधून सपाटीवर सराव करण्याची कल्पना मात्र फोल आहे. 20 किलो जादा वजनाने सपाटीवर प्रतिकार जेमतेम सव्वाशे ग्रॅमच्या दाबाएवढा वाढतो; वजन उचलावे लागते ते चढावर. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बैठका, पायऱ्यांची चढउतार आणि कंबर-पाठीचे व्यायाम करावेत, कारण घाटात पुष्कळांची मांडी थकण्याआधी कंबर थकते.

महाराष्ट्रातल्या ज्या स्वारांनी मोठे डोंगर जिंकले ते सगळे डोंगरात राहणारे नव्हते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर जाणारी रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत रॉकी पर्वतात 3,309 मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड ओलांडते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली दोघांच्या गटात ती पूर्ण केली. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली, आणि नागपूर काही घाटाचे शहर नव्हे. जुन्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत मात्र निकाल बोरघाटात लागत असे. तिथे पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान होता.

प्रत्यक्ष घाटात सर्वांत मोठी चूक पहिल्या किलोमीटरला होते. पाय ताजे असतात, सोबती पुढे सरकत असतो आणि स्वार आपल्या टिकाऊ जोराच्या वर जातो. ती उधारी पुढच्या अर्ध्या तासात फिटत नाही. पहिला एक-तृतीयांश हिस्सा ‘फारच सावकाश चाललोय’ असे वाटेल इतका संथ घ्यावा आणि जोर शेवटच्या एक-तृतीयांश हिश्शासाठी राखावा. मोठ्या गियरमध्ये अडकून मग बदलू गेले तर ताणलेली चैन कुरकुरते, कधी उतरते, कधी तुटते. चढ दिसताच, दाब यायच्या आधी गियर उतरवावा. मिनिटाला 70 ते 85 फेरे बहुतेकांना मानवतात. बसून चढणे स्वस्त पडते. उभे राहिले की हात-खांदेही कामाला लागतात आणि नाडी वाढते, पण पाठीला आराम मिळतो. म्हणून अधूनमधून वीस-तीस फेरे उभ्याने घ्यावेत. एका गियरच्या सायकलीवर बसून चढण्याचा पर्याय नसतो, तिथे उभे राहणे भागच. हँडल घट्ट आवळू नये, खांदे सैल सोडावेत. डावीकडच्या वळणात रस्त्याची आतली कड जास्त तीव्र असते; मागून वाहन नसेल तरच थोडे बाहेरून जावे. रस्त्यावर नागमोडी जाऊन चढ कमी करण्याची जुनी युक्ती रिकाम्या गाववाटेपुरती ठीक, ट्रकच्या घाटात नाही.

विदर्भात उष्णता हा वेगळा चढ आहे. शरीर खर्च करते त्यातली जेमतेम पाव शक्ती पायडलपर्यंत येते. बाकीची उष्णता होते. 150 वॅटवर चढणारा स्वार अंगात 500 वॅटहून जास्त उष्णता तयार करतो आणि ताशी 11 किलोमीटरला वारा इतका कमी लागतो की ती घामानेच घालवावी लागते. त्यासाठी तासाला पाऊण ते एक लिटर घाम लागतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून सातच्या आत उतरणे हाच नियम. पाणी घरून न्यावे : तालुका खारपाणपट्ट्यात आहे, वाटेतल्या विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारट निघते, आणि ते लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याला पर्याय नव्हे. तासापेक्षा लांब चढाला खाणेही लागते. दर तासाला दोन केळी किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे पुरतात. पोटात कळ येण्याआधी, पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करावी. शेगावची कचोरी परतीसाठी राखावी.

चढलेले उतरावेही लागते, आणि अपघात तिथे होतात. 400 मीटर उतरताना 85 किलोच्या ओझ्याची जी ऊर्जा हवा आणि रस्ता खात नाहीत, ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. सळईच्या ब्रेकचे रबर झिजलेले असेल किंवा रिम ओली असेल तर ते धरतच नाहीत. घाटाच्या आदल्या दिवशी दोन्ही ब्रेकची रबरे पाहावीत, उतरताना वळणाच्या आधी वेग कमी करावा, मधूनमधून थांबून रिम थंड होऊ द्यावी आणि हेल्मेट घालावे.

संग्रामपूर भागातल्या नवख्याने सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत करावी. आधी दोन महिने सपाटीवर, मग वारीच्या रस्त्यावरचे हलके चढ, त्यानंतर राजूर घाट आणि बोथा. चिखलदरा दुसऱ्या हंगामासाठी ठेवावा. अंबाबारवा किंवा मेळघाटच्या हद्दीतून जाणारा रस्ता निवडायचा असेल तर वनविभागाची परवानगी आणि गेटच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.